बेचकी, गोफण आणि हंगेरियन 'कॉटॉपुल्ट'

हंगेरियन माणसाला इंग्रजी 'कॅटापल्ट' शिकवताना त्याच्याच भाषेतला तसाच दिसणारा 'कॉटॉपुल्ट' सांगितला की झालं, असं कुणालाही वाटेल. नाही हो, घोळ तिथेच होतो. ब्रिटिश पोराच्या खिशातला कॅटापल्ट म्हणजे आपली बेचकी: दुबेळक्याचं लाकूड, त्याला रबर आणि खडा धरायला चामड्याचा तुकडा. अमेरिकन तिला स्लिंगशॉट म्हणतात, हंगेरियन 'चूझ्ली'. बायबलमधल्या दावीदाने राक्षसी गल्याथाला लोळवलं ती मात्र 'पॉरित्त्यॉ', म्हणजे गोफण. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावरून पाखरं हाकायला फिरवतात तीच. (बोलताना तिकडेही बेचकीला सर्रास पॉरित्त्यॉ म्हणून टाकतात, ते सोडा.) इंग्रजीत किल्ल्यावर धोंडे फेकणारं जुनं यंत्रही कॅटापल्टच; हंगेरियनमध्ये ते 'हॉयीतोगेप', शब्दशः फेकयंत्र.

खरी गंमत क्रियापदात आहे. 'कॉटॉपुल्टाल' म्हणजे वैमानिकाने संकटात आसनासकट विमानाबाहेर उडणं. म्हणून हंगेरियन विद्यार्थी बिनधास्त 'पायलट कॅटापल्टेड' लिहितो. इंग्रजीत तिथे 'इजेक्टेड' हवं. उलट 'कॅटापल्टेड टू फेम' वाचलं की तोच विद्यार्थी विमान शोधत बसतो, आणि बिचारा कुणीतरी नुसता एका रात्रीत प्रसिद्ध झालेला असतो!