मनाचा आजार म्हणजे नुसता मेंदूचा आजार का? आबे फारियांच्या पुतळ्यावरून सुचलेलं

मांडवीकाठ (पणजी)

संमोहनाचे प्रयोग करणारे गोव्याचे पाद्री आबे फारिया, त्यांचा जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा मी रोज कामावर जाता-येता पाहतो. अंगात झगा, दोन्ही हात पुढे पसरलेले आणि त्या हातांखाली मागे कलंडलेली बाई. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेलं हे शिल्प देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बघणाऱ्याला वाटतं, या पाद्रीच्या हातांतून काहीतरी निघतंय आणि बाईच्या अंगात शिरतंय. फारिया सांगत होते ते याच्या नेमकं उलट.

तेव्हा युरोपात मेस्मर या जर्मन डॉक्टरचं मत गाजत होतं. माणसाच्या अंगात चुंबकासारखा एक अदृश्य द्रव वाहतो, त्याची वाट अडली की आजार होतो, आणि जाणकाराने हात फिरवून तो मोकळा करायचा. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये चारचौघांत प्रयोग करून दाखवले. समोरच्याला शांत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि ठाम आवाजात "झोपा" म्हणायचं. त्यांचं म्हणणं एवढंच की द्रव वगैरे काही नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं, माझ्याकडे कसलीही शक्ती नाही. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते गेले.

यांच्यावर १९२५ साली पोर्तुगीजमध्ये पुस्तक लिहिलं ते लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी. मोनिझ मेंदूचे डॉक्टर. फारियांचा मुद्दा त्यांनी मन लावून वाचलेला असणार. आणि पुढे १९३५ मध्ये याच मोनिझनी मनोरुग्णांच्या कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. संधिवाताने त्यांचे स्वतःचे हात वाकडे झाले होते, म्हणून प्रत्यक्ष हत्यार चालवलं अल्मेदा लिमा यांनी. १९४९ साली याच कामाला नोबेल मिळालं. जगभर हजारो माणसं त्यानंतर गप्प झाली. गप्प झाली म्हणजे बरी झाली, असं घरी पाठवताना सांगितलं गेलं.

माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. मनोविकारशास्त्र दर काही वर्षांनी एक नवा "द्रव" शोधतं आणि ज्याचं दुखतं त्याला विचारायचं राहून जातं. १९७३ पर्यंत अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत समलैंगिकता हा आजार होता. आज सांगतात, "मेंदूतलं रसायन कमी पडलंय, मधुमेहासारखं समजा, गोळी घ्या." मधुमेहाची साखर रक्तात मोजता येते. उदासी कुठल्या नळीत मोजता?

सत्तरीची लेक

दादा, वाचून रात्रभर झोप नाही लागली, म्हणून लिहिते आहे. तुम्ही १९४९ सालचं नोबेल सांगितलंत. त्याच १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी लिथियमचा उन्मादावरचा गुण छापून प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, तुमच्या फारियांच्याच पॅरिसमध्ये, क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारावरचं औषध वापरात आलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं घरी जाऊ लागली. इतिहास सांगायचा तर पुरा सांगा.

माझा भाऊ आमच्या गावच्या भजनात पखवाज वाजवतो. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा बिघडलं. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, बोलणं थांबेना, शेजाऱ्याला स्वतःची मोटारसायकल देऊन टाकली आणि पाचव्या दिवशी सापडला तो सावंतवाडी स्टेशनच्या बाकावर, अनवाणी. आम्ही घाडी (देवऋषी) केला, कौल लावला, नारळ-कोंबडा सगळं झालं. घाडी वाईट माणूस नव्हता, पण भाऊ त्याच्या अंगणातून दोनदा पळाला. मग लिथियम सुरू झालं आणि तीन आठवड्यांनी तो पहिल्यांदा म्हणाला, "बाय, भूक लागली."

सहा वर्षं बरी गेली. मग एका शिकल्या-सवरल्या पाहुण्याने त्याला समजावलं की हा सगळा औषध-कंपन्यांचा धंदा आहे, मन खंबीर कर. याने गोळ्या सोडल्या. दीड महिन्यात पुन्हा तेच, आणि त्या वेळी त्याने विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवला होता. तुमचा लेख त्या पाहुण्याच्या हातात पडला तर तो काय वाचेल, सांगा. उदासी नळीत मोजता येत नसेल, पण लिथियमचं रक्तातलं प्रमाण मोजतात. ती चिठ्ठी दर तीन महिन्यांनी मी डब्यात जपून ठेवते. काजूच्या दिवसांत उन्हात राबताना पाणी कमी पडलं तर हेच प्रमाण वर चढतं, म्हणून त्याच्या कमरेला बाटली बांधलेली असते. अंग दुखलं तरी दुकानातून स्वतःहून गोळी आणायची नाही. एवढं सांभाळावं लागतं, कारण हा खरा आजार आहे.

जुना मास्तर, डिचोली

लेकीचं वाचून गलबललो. तरी एक सांगतो. आपल्याकडे वेडाला फक्त भूतबाधा मानत, हा समज बरोबर नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत. त्यांतले चार वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोष मिळून होणारे. फक्त पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरून आलेला. सर्पगंधेचं मूळ वैद्य वेडावर पिढ्यान् पिढ्या देत आले होते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये त्यावर शास्त्रीय लेख लिहिला. पुढे त्याच मुळातून काढलेलं रेझरपिन पश्चिमेकडच्या मनोरुग्णालयांत दिलं जाऊ लागलं. तेव्हा "आपलं मनाचं आणि त्यांचं मेंदूचं" अशी वाटणी इतिहासात सापडत नाही.

पण देवस्थानाच्या नावाखाली साखळदंड घालणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली तेव्हा बांधून ठेवलेल्या माणसांना पळताही आलं नाही. त्यांच्या साखळ्यांना कुलपं होती.

उपकेंद्रावरची ताई (पेडणे)

मास्तर, देवाचं आणि गोळीचं भांडण आमच्या ओसरीवर रोज होतं. तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते, आणि ती आपल्या गोव्यातलीच आहे.

"संगत" ही संस्था १९९६ पासून इथे काम करते. त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि त्याबरोबर सहा ते आठ बैठका, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचं आधी काहीच न शिकलेली साधी माणसं, त्यांना त्या कामापुरतं तयार केलेलं. आणि बैठकीत काय? दिवस कसा जातो, कशाने बरं वाटायचं, ते कधीपासून सुटलं, त्यातलं उद्या थोडं काय करता येईल. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के सावरले होते, दुसऱ्या गटातले ३९. २०१७ मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून आलं.

मांडवीकाठ, तुम्ही म्हणता विचारायचं राहून जातं. ते खरं आहे. पण विचारण्यालाही पद्धत लागते, शिकवावी लागते, मोजून बघावी लागते. माझ्याकडे एक मावशी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं ते इतकंच, की अबोलीचे वळेसर (गजरे) करायचं सोडलंय. तिथून सुरुवात केली.

मांडवीकाठ

सत्तरीच्या ताई, माझं चुकलं. "गोळी घ्या" या शब्दांवर राग काढताना गोळीवरच काढला गेला, आणि तो लेख वाचून कुणी औषध सोडलं तर दोष माझा. वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. फारियांची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि वाचाच बसली, तेव्हा बाप मागून हळूच म्हणाला, "ही सगळी भाजी रे, कातर रे भाजी," म्हणजे समोरची माणसं भाजीपाला समज, घाबरू नको. लोक अजून सांगतात ते एवढ्यासाठी की चार शब्दांनी तोंड मोकळं झालं. औषध भावाला परत आणतं, मान्य. परत आल्यावर त्याच्याशी बोलतं कोण? ताई, तुमच्या भावाला लिथियमने काय-काय होतं, हे कुणी विचारलं का?

सत्तरीची लेक

नाही विचारलं. खरं सांगते, मीही नाही. त्याचा हात थरथरतो. चहाची बशी वाजते तेव्हा आई मान फिरवते. पखवाजावर बोट हवं तसं पडत नाही म्हणून दोन वर्षं तो मागे बसून टाळ धरत होता, आणि आम्हाला वाटलं, आता शांत झालाय. तपासणीच्या वेळी डॉक्टरांची चार मिनिटं चिठ्ठीतल्या आकड्यात जात. परवा तुमचं वाचून मीच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, डोस थोडा खाली आणून बघू, थरथरीवर वेगळी गोळीही आहे. दोन वर्षं आधी तोंड उघडलं असतं तर!

तरी मी म्हणेन, आधी आजार माना. त्यानंतर विचारा.

कोर्टाच्या पायरीवर (म्हापसा)

एक भर घालतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, माणूस बरा असताना, आपण पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत, हे लिहून ठेवायचा हक्क दिला आहे. आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही त्यालाच नेमता येते. भूल न देता विजेचे झटके देणं आणि साखळीने बांधणं याच कायद्याने बंद केलं. १९१२ च्या कायद्याच्या नावातच "वेडे" होते. हा कागद करून ठेवा, ताई.

सत्तरीची लेक

काल रात्री जेवणं झाल्यावर भाऊ स्वतः लिहायला बसला. अक्षर वाकडं येतं म्हणून मी लिहू का विचारलं, नको म्हणाला. पहिली ओळ, लिथियम चालूच ठेवायचं. दुसरी, माझ्यासमोर माझ्याबद्दल कुजबुजायचं नाही. तिसरी ओळ लिहून त्याने खोडली, मग पुन्हा लिहिली: इस्पितळात ठेवलं तरी पखवाजाला कणीक मीच लावणार, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही.