अनुभव धागा : मुले बरे-वाईट कोठून शिकतात?

मुलांचा नैतिक विकास आणि सामाजिक अध्ययन हे विषय मी अकरा वर्षे शिकवले. पियाजे, कोहलबर्ग, बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या विकासाच्या अवस्था आणि त्यांचे प्रयोग फळ्यावर मांडताना ते सारे दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांविषयी आहे, असेच मला वाटत राहिले. मग एके दिवशी माझी साडेचार वर्षांची मुलगी बाहुलीला रागावताना दिसली. बाहुली म्हणे केव्हाची रडत होती. मुलीने एक हात कमरेवर ठेवला, काही न बोलता तिच्याकडे पाहिले आणि मग मनगटावर घड्याळ नसतानाही मनगटाकडे नजर टाकली. ती रडत असते तेव्हा मी घड्याळ पाहते, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ चा बोबो बाहुलीचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. बालवाडीतल्या ७२ मुलांपैकी काहींनी एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला मारताना पाहिले आणि पुढे त्यांनी तेच फटके, तेच शब्द वापरले. मला मात्र १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अधिक अस्वस्थ करतो. त्यात चित्रफितीतल्या मारणाऱ्या माणसाला शेवटी शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी अनुकरण कमी केले. परंतु ‘त्याने काय काय केले ते करून दाखवलेस तर बक्षीस मिळेल’ असे सांगताच त्यांनाही बाकीच्यांइतकेच सारे करून दाखवता आले. म्हणजे शिकणे कधीच होऊन गेलेले होते, फक्त ते दिसत नव्हते. तुमच्या घरी किंवा वर्गात मुलाने काय उचलले आणि ते तुमच्या लक्षात कसे आले, हे कृपया सविस्तर लिहावे. मुलांची नावे मात्र लिहू नयेत.

दोन मुलांचे वडील :

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मुलगी आईला मदत म्हणून पेल्यांचा ट्रे उचलून नेत असताना तो निसटला आणि सहा काचेचे पेले फुटले. त्याच आठवड्यात मुलाने ‘हात लावायचा नाही’ असे बजावलेल्या कपाटातून एक पेला चोरून काढला आणि फोडला. काही दिवसांनी मी सहज विचारले, की जास्त चूक कोणाची? मुलगा चटकन म्हणाला, “ताईची. तिने सहा फोडले.” मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. “पण मी मुद्दाम नाही केलं,” एवढेच ती म्हणाली. पियाजे यांनी १९३२ च्या ग्रंथात सांगितलेली नकळत पंधरा कप फोडणाऱ्या मुलाची आणि चोरून काही काढताना एक कप फोडणाऱ्या मुलाची गोष्ट मी नंतर वाचली. लहान मूल नुकसान मोजते आणि मोठे होताना हेतू पाहू लागते, हे मला पटले. पण मला लागले ते वेगळेच. सहा पेले फुटले तेव्हा मी मुलीवर ओरडलो होतो आणि एक फुटला तेव्हा मुलाला नुसते ‘पुन्हा करू नकोस’ म्हणालो होतो. हेतू मीसुद्धा पाहिला नव्हता. वस्तूंच्या नुकसानीप्रमाणे रागावणारी मोठी माणसेच मुलांच्या या समजुतीला खतपाणी घालतात, असे पियाजे यांचेही निरीक्षण होते. मुलीची मी माफी मागितली. ती आजही काचेची भांडी उचलायला पुढे येत नाही.

प्राथमिक शाळेतील शिक्षिका :

लहान मुले केवळ शिक्षेच्या भीतीने नियम पाळतात, असे कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या सहा अवस्थांपैकी पहिली अवस्था सांगते. माझा अनुभव याला पूर्णपणे दुजोरा देत नाही. पहिलीच्या वर्गात मी विचारले, “बाईंनी परवानगी दिली तर ओळ मोडून चाललं तर चालेल का?” सगळे ‘हो’ म्हणाले. “आणि बाईंनी परवानगी दिली तर कुणाला ढकललं तर?” वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “नाही. त्याला लागेल ना.” शिस्तीचे नियम आणि दुसऱ्याला इजा न करण्याचा नियम यांत मुले फार लवकर फरक करतात, अशी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरियल यांची मांडणी आहे आणि मला ती वर्गात रोज दिसते. कोहलबर्ग यांचा मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर झाला होता, हेही नमूद करते. मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला आणि न्यायाइतकेच काळजी घेण्यालाही नैतिक विचारात स्थान असल्याचे मांडले. ‘त्याला लागेल ना’ यात मला न्याय आणि काळजी दोन्ही दिसतात.

एक आई :

माझा अनुभव छोटा आहे. मुलगा धाकट्या बहिणीची खेळणी आपणहून आवरून ठेवत असे. कौतुक म्हणून मी तक्त्यावर चांदण्या लावू लागले. महिन्याभराने चांदण्या संपल्या, तेव्हा तो म्हणाला, “मग आज नको आवरायला.” १९७३ च्या एका प्रयोगात, चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधी सांगितलेल्या मुलांची चित्रांची आवड पुढे निम्म्यावर आली होती. तक्ता मी काढून टाकला. आवड परत यायला मात्र बरेच महिने लागले.

एक वडील :

हे लिहिणे सोपे नाही. मोठ्या मुलाने धाकट्याला मारले म्हणून मी त्याला चापट मारली आणि म्हणालो, “मारायचं नाही, कळलं?” दोन दिवसांनी धाकट्याने शेजारच्या बाळाचे केस ओढले. मोठा धावत गेला, त्याच्या दंडावर चापट मारली आणि माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात म्हणाला, “मारायचं नाही, कळलं?” शब्द त्याने ऐकले होते, पण हात त्याने पाहिला होता. मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी धाक, माया काढून घेणे आणि कारण समजावणे असे शिस्तीचे तीन मार्ग वेगळे केले. त्यांतला तिसरा, म्हणजे आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला हे मुलाला दाखवून देणे, मी त्यानंतर धरला. तो संथ आहे. कित्येकदा समजावून झाल्यावरही मुलगा मारतोच आणि माझा हात उठू पाहतो. पण गेल्या महिन्यात धाकटा पडला, तेव्हा मोठा त्याच्यापाशी उकिडवा बसून “कुठे दुखतंय, दाखव,” असे विचारत होता. मी दारातच थांबलो.

नाव न देता :

वरचे सारे वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या लहानपणी घरात रोज मारझोड होत असे. ‘मूल पाहते तेच करते’ हे वाक्य मी तरुणपणी वाचले तेव्हा मला स्वतःची भीती वाटली आणि मूल होऊ देण्याचा निर्णय मी कितीतरी वर्षे लांबवला. पण बांडुरा यांचे म्हणणे इतके एकेरी नाही. कोणाकडे लक्ष द्यायचे, काय मनात साठवायचे आणि त्यातले काय वापरायचे, यांत मूलही सहभागी असते. आमच्या शेजारी एक वयस्कर बाई राहत. त्यांच्या हातून काही सांडले की त्या स्वतःशीच “असू दे, असू दे,” म्हणत आणि फडके घेत. मी त्यांच्याकडे तासन् तास बसत असे. आज माझ्या मुलीच्या हातून काही सांडले की माझ्या तोंडून तेच दोन शब्द बाहेर पडतात, आणि आता तीही फडके आणायला जाताना तेच पुटपुटते.