घर माणसांनी भरलेला तुमचा एखादा दिवस सांगा

परवाच्या रविवारी आमच्या भांडुपच्या वन बीएचकेमध्ये सतरा माणसं होती आणि ठरवलेलं काहीच नव्हतं. मामा शनिवारी संध्याकाळी सावंतवाडीला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसला, पहाटे ठाण्याला उतरला, सोबत गोणपाटात गुंडाळलेले दोन फणस, एक कापा, कडक गऱ्यांचा, आणि एक बरका, मऊ गऱ्यांचा. आईने मावशीला फोन करून एवढंच सांगितलं की दादा आलाय, फणस आणलेत. झालं. साडेदहापर्यंत मावशी, तिची सून, दोन नातवंडं, नाहूरची आत्या, काकांचं अख्खं घर, सगळे मेगाब्लॉकच्या उशिरा धावणाऱ्या गाड्यांतून घामाघूम होऊन हजर. दाराबाहेर चपलांना जागा उरली नाही म्हणून त्या जिन्याच्या दोन पायऱ्यांवर गेल्या.

फणस फोडायचा कार्यक्रम हॉलमध्येच. बाबांनी आठवड्याभराचे पेपर अंथरले, मामाने विळीला आणि स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळलं आणि पहिला काप आडवा घेतला. आत चीक असा तारेसारखा लांबत येतो ना, तो बघायला आमची पोरं इतकी जवळ गेली की माझ्या लेकीच्या केसात चीक लागला आणि ती रडायला लागली. मामा म्हणाला पाणी नको हां कुणी लावू, तेल आणा, आणि बोटाने तेल लावत लावत त्याने एकेक केस सोडवला, दहा मिनिटं, फणस तसाच अर्धा उघडा पडलेला आणि सतरा माणसं वाट बघत बसलेली. कुणी म्हणालं नाही की चला उशीर होतोय. मला तो दिवस त्या दहा मिनिटांसाठी लक्षात राहणार.

जेवण तीन पंगतीत झालं, बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. बरक्याचे गरे जेवणाआधीच संपले होते. दुपारी सतरंजीवर एका पंख्याखाली नऊ जण आडवे.

तुमच्या घरचा असा दिवस लिहा ना. सणच हवा असं नाही. खूप मजा आली एवढंच लिहू नका, कोण कुठे बसलं, काय शिजलं, कशावरून वाद झाला ते लिहा.

* * *

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आजी, आईबाबा, काका-काकू आणि आम्ही चार भावंडं. माझ्यासाठी गजबजलेला दिवस म्हणजे करंज्यांचा दिवस. दिवाळीआधी मजल्यावर वार लावलेले असायचे, सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी समोर, असं. ज्या घरी करंज्या त्या घरी सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या, दोन्ही आत्या काळाचौकीहून यायच्या, आणि खोलीत मावत नाही म्हणून अर्ध्या जणी बाहेर पॅसेजमध्ये बसायच्या. लाट्या ओल्या फडक्याखाली, सारणाचं पातेलं मधोमध, आणि कातण एकच, आजीचं, पितळेचं, दात्यांची धार गेलेलं. ते हातोहात फिरायचं. आम्हा मुलींना सुरुवातीला फक्त कडा दाबायचं काम. तळायला कायम काकू, कारण स्टोव्हची आच तिलाच सांभाळता यायची आणि एखाद्या करंजीची कड सुटली तर सारण तेलात उतरून जळतं, मग अख्खं तेल गाळायला लागतं. कड कुणाची सुटली हे काकू नुसती मुरड बघून ओळखायची! माझी असली तर नाव घ्यायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची, आणि ती फुटलेली करंजी गरमगरम माझ्याच हातात द्यायची.

आता चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळालंय. चावी मिळाल्यावरच्या पहिल्या दिवाळीला मी हट्टाने सगळ्यांना बोलावलं. दोन्ही आत्या आल्या, जुन्या मजल्यावरच्या तिघी आल्या, हॉलमध्ये मस्त लांब-लांब बसायची सोय केली होती. तासाभराने बघते तर सगळ्या सरकत सरकत किचनच्या दाराशी येऊन गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, आणि कातण अजून तेच. काकू आता नाही. तळायला मी होते. दोन करंज्या फुटल्या, दोन्ही माझ्या भाचीच्या, दोन्ही तिलाच दिल्या.

* * *

माझा दिवस २६ जुलै २००५. आधीच सांगते, त्या दिवशी या शहरात शेकडो माणसं गेली, म्हणून मजा हा शब्द लिहिताना हात अडखळतो. पण आमच्या घरात जे झालं ते मी विसरू शकत नाही.

त्या दिवशी माझ्या मुलीचं बारसं होतं. मंगळवार होता, पण बाराव्या दिवशीच करायचं असं सासूबाईंचं पक्कं होतं, त्यामुळे नोकरीवाले कमी आणि बायका-मुलं जास्त. विलेपार्ले पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, जेवणं झाली, अडीचच्या सुमाराला लोक निघायला लागले आणि अर्ध्या तासात एकेक करून चिंब भिजून परत. स्टेशनवर गाड्या बंद, रस्त्यावर कमरेएवढं पाणी. संध्याकाळी लाईट गेली. रात्री मोजले तर घरात बावीस जण, त्यात कॉलेजच्या तीन मुली ज्यांना आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं, माझा दीर त्यांना जिन्याखालून वर घेऊन आला होता. त्यांना माझे बाळंतपणाचे गाऊन दिले घालायला.

उरलेला मसालेभात सगळ्यांना चार-चार घास, वर घुगऱ्या. सासरे फोर्टला ऑफिसमध्ये, मोबाईल लागत नव्हते, सासूबाई खिडकीतून हलायला तयार नाहीत. मग माझ्या आजेसासूबाईंनी मेणबत्तीच्या उजेडात पुन्हा पाळणा म्हणायला घेतला. नुसता बारशाचा नाही, रामाचा, कृष्णाचा, शिवाजी महाराजांचा, त्यांना येत होते तेवढे सगळे. त्या तिन्ही मुलीसुद्धा धरायला लागल्या. बाहेर पाण्याचा नुसता गडगडाट (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला हे नंतर पेपरात वाचलं) आणि आत बावीस माणसं हळू आवाजात जो बाळा जो जो. मुलगी रात्रभर शांत झोपली. सासरे दुसऱ्या दिवशी अकराला चालत आले, पायात एकच बूट. दारातच खाली बसले आणि पहिला प्रश्न, नाव काय ठेवलंत?

त्या तिघींपैकी एक अजून दर वर्षी लेकीच्या वाढदिवसाला फोन करते.

* * *

वाचून डोळे भरून आले ताई.

आमचा दिवस वेगळा, २ एप्रिल २०११, वर्ल्डकप फायनल. आम्ही चिराबाजारला, वानखेडे तसं जवळच. शनिवार होता आणि सोमवारी पाडवा, म्हणून आत्या, काका, चुलत भावंडं सगळी आधीच मुक्कामाला आलेली. चौदा माणसं, एक टीव्ही, आणि आईने श्रीखंडासाठी आदल्या रात्रीच चक्का टांगून ठेवलेला.

श्रीलंकेचे २७४ झाले तेव्हाच काका गप्प. सेहवाग दुसऱ्याच बॉलला गेला, सचिन १८ वर गेला तेव्हा आजी उठून देवासमोर जाऊन बसली. घरात अक्षरशः सुतक. आईला मॅचचं विशेष काही नाही, ती पुरणयंत्र मांडीशी घेऊन चक्का घोटत बसली आणि तेवढ्यात गंभीरचा जम बसला, मग धोनी आला, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की आईचा हात सुरू झाल्यापासून गाडी रुळावर आलीये. झालं! काकांनी फर्मान काढलं, वहिनी आता थांबायचं नाही. ज्याने जिथे बसायचं तिथेच बसायचं, माझा चुलतभाऊ बाथरूमच्या दारात उभा होता तो तिथेच. आईचे हात दुखायला लागले की आत्या घोटायची, मग मी, मग काका स्वतः, पण यंत्राचा दांडा एक मिनिट थांबू दिला नाही. चक्का कधीच घोटून झाला होता, साखर विरघळली, वेलची-केशर पडलं, तरी आम्ही घोटतोय. गंभीर ९७ ला गेला त्या क्षणी दांडा बदलताना दोन सेकंद थांबलो होतो हे माझा भाऊ आजही शपथेवर सांगतो.

शेवटी एक गंमत झाली. आमचा टीव्ही काही सेकंद मागे असायचा. धोनी अजून स्टान्स घेतोय आणि खिडकीतून स्टेडियमच्या बाजूने असा आवाज आला की काका टीव्हीकडे न बघताच ओरडले, सिक्स! मग आम्ही तो सिक्स बघितला. तसं श्रीखंड आमच्या घरी परत झालं नाही, इतकं मऊ. पाडव्यापर्यंत उरलंच नाही, रात्री दीड वाजता वाट्या फिरल्या. सोमवारी आईने परत चक्का आणला.

* * *

सगळं वाचतेय आणि छान वाटतंय, पण मला एक मनापासून लिहायचंय. घर भरतं तेव्हा ओट्यापाशी कोण असतं हेही लिहा.

आमचं घर दादरला, मूळचे देशावरचे, घरी गौरी बसतात. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, तीस-पस्तीस माणसं येऊन जातात. अकरा वर्षं मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही गौरींचं तोंड बघितलं ते सकाळी साड्या नेसवताना आणि रात्री दिवे लावताना. मधला सगळा दिवस कुकरच्या शिट्ट्या. हसण्याचे आवाज हॉलमधून यायचे आणि आम्ही आतून विचारायचो काय झालं काय झालं, तोवर विषय संपलेला असायचा.

मग एका वर्षी जाऊबाईंचं ऑपरेशन झालं, त्यांना उभं राहायला मनाई. मी सासूबाईंना सांगितलं की एकटीने होणार नाही, या वर्षी बाहेरून मागवू. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून बघते तर थोरले दीर आणि माझा नवरा दादर मार्केटमधून दोन पिशव्या भरून भाज्या घेऊन आलेले, आणि सासूबाई स्टुलावर बसून त्यांना शेवग्याची शेंग सोलायला शिकवतायत. दिरांना बासष्टावं वर्ष होतं. त्यांनी भोपळा इतक्या काळजीने चिरला, प्रत्येक फोड सारखी, जसं काही मोजमाप दिलंय. सोळाच्या सोळा भाज्या त्या दोघांनी निवडल्या, चिरल्या, मी फक्त फोडणीला टाकल्या. पुरणपोळ्या मात्र विकत आणल्या आणि गौरींनी त्याही गोड मानून घेतल्या असणार.

संध्याकाळी हळदीकुंकवाला मी हिरवी नऊवारी नेसून हॉलमध्ये बसले, जाऊबाई शेजारी खुर्चीवर. सातपासून साडेनऊपर्यंत एकदाही उठले नाही. नणंदेने तिच्या पहिल्या नोकरीचा किस्सा सांगितला जो म्हणे ती दर वर्षी सांगते. मी पहिल्यांदा पूर्ण ऐकला.

आता भाज्या पुरुषांकडे, हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. दीर या वर्षी सत्तरीत, तरी विळी सोडत नाहीत.

* * *

दादरच्या वहिनी, शंभर टक्के. आमच्यात पण आता भांडी भावांकडे.

आम्ही वर्सोव्याचे कोळी. आमचा दिवस नारळी पुनवेचा. जून-जुलैची मासेमारीबंदी, होड्या शाकारलेल्या, त्यामुळे बाबा आणि काका दोन महिने घरी. तेव्हा जाळी विणायची, तुटलेली सांधायची, आणि पुनवेला सगळं घर एकत्र. लग्न होऊन गेलेल्या आत्या, बहिणी माहेरी येतात. नारळाला सोनेरी कागद लावायचं काम माझ्या आजोबांचं होतं, सुरकुती एक चालायची नाही त्यांना, नखाने दाबून दाबून बसवायचे. नारळी भात मोठ्या टोपात, वाड्यात कुणाच्याही घरी जा, ताट पुढे येणारच. संध्याकाळी दर्यावर नारळ सोडून आलो की आजी दारात प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवायची, उद्या-परवा होड्या बाहेर जाणार म्हणून. त्या दिवशी घर हसत असतं पण आतून सगळ्यांना माहीत असतं की उद्यापासून पुरुषांची अंथरुणं रिकामी.

* * *

बोरिवली. आमच्याकडे आत्या होती तोवर जमायचो. ती सगळ्यांना फोन करायची. ती गेल्यावर कळलं की बोलावणारं माणूस लागतं, घर-बिर कितीही मोठं असून उपयोग नाही. आता आम्ही तिघं चुलतभाऊ आहोत, एकाच लाईनवर राहतो, शेवटचे भेटलो ते तिच्या वर्षश्राद्धाला. हे सगळं वाचून मगाशी दोघांनाही फोन केला. पुढच्या रविवारी माझ्याकडे. जास्त काही ठरलं नाही, पावभाजी करू म्हणालो.

भांडुपवाले दादा, एक विचारायचं होतं, त्या एवढ्या आठळ्यांचं, फणसाच्या बियांचं, काय केलंत? आत्या साठवून ठेवायची, कशा ते आता विचारायला कुणी नाही.

* * *

दादा, आत्ताच आईला विचारून लिहितोय. आठळ्या धुवायच्या, वरचा तो बुळबुळीत पापुद्रा काढायचा, सावलीत एक-दोन दिवस सुकवायच्या, उन्हात नको. मग आमच्या गावी कोरड्या मातीत पुरून ठेवतात, पावसाळाभर टिकतात. इथे मामाने एका जुन्या कुंडीत कोरडी माती घालून त्यात ठेवल्यात, वर पेपर. लागतील तशा काढायच्या, मिठाच्या पाण्यात उकडायच्या नाहीतर सुक्या जवळ्यात घालायच्या.

आमच्याकडे दोन फणसांच्या आहेत, चार माणसांना कुठे संपणार. पुढच्या रविवारच्या आत भांडुपला येऊन थोड्या घेऊन जा, पावभाजीआधी मीठ लावून उकडून ठेवा, भावांना तोवर चघळायला होतील.