सराव आणि स्पर्धेतील पाणी : आपापले अनुभव लिहावेत

पावसाळा सरला की आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा आणि जानेवारीतल्या मॅरेथॉनचा सराव हातात हात घालून येतात, आणि दरवर्षी याच काळात मैदानावर चक्कर येणाऱ्यांची, पायात गोळे येणाऱ्यांची संख्या वाढते. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु किती, केव्हा, कशासोबत आणि कोणत्या खेळात, याविषयी अनुभवी माणसांनी सविस्तर लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून खेळाडू, प्रशिक्षक, वस्ताद, पालक आणि वैद्यकीय मदत करणारे अशा सर्वांना विनंती आहे की आपण स्वतः जे केले किंवा जवळून पाहिले तेवढेच लिहावे, आणि जमेल तिथे आकडेही द्यावेत.

लांब पल्ल्याचे धावपटू, ठाणे

मी पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर करतो. धावायला निघण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यायचे, आणि परत आल्यावर घामाने भिजलेले कपडे उतरवून, अंग टॉवेलने कोरडे करून पुन्हा घ्यायचे. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी दीड तास धावल्यावर माझे वजन ६४.२ वरून ६३.१ किलोवर आले होते आणि वाटेत मी अर्धा लिटर पाणी प्यालो होतो. म्हणजे घाम १.६ लिटर, ताशी एक लिटरहून थोडा अधिकच. जानेवारीतल्या पहाटे हाच आकडा ताशी ८०० मिलिलिटरच्या आसपास येतो. त्यामुळे चार तासांच्या शर्यतीत ३.२ लिटर घाम धरून मी ताशी अर्धा लिटर पितो, आणि शेवटी राहणारी १.२ लिटरची तूट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत बसते. गेलेला प्रत्येक थेंब धावता धावता भरून काढण्याची गरज नसते, आणि पोटाला ते झेपतही नाही. सोबत धावणाऱ्या मित्राचा घाम माझ्या जवळजवळ निम्मा आहे, तेव्हा माझा आकडा कृपया कोणी जसाच्या तसा उचलू नये.

डॉक्टर, शर्यतींच्या वैद्यकीय कक्षात स्वयंसेवक, पुणे

वरील शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. अंतिम रेषेजवळच्या तंबूत कोसळून येणारा प्रत्येक धावपटू पाण्यावाचून कोसळलेला असतो, असे सर्वसामान्यपणे धरले जाते आणि नातेवाईक लगेच बाटली तोंडाला लावतात. परंतु काही जण नेमके उलट्या कारणाने आलेले असतात : चार-साडेचार तास रमतगमत धावताना प्रत्येक टेबलावर थांबून, तहान नसतानाही पाणी प्यालेले. घामावाटे मीठ गेलेले असते, वरून नुसते पाणी भरलेले असते, आणि रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली उतरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी १३ टक्क्यांचे सोडियम असे उतरलेले आढळले होते, आणि धावताना ज्यांचे वजन वाढले त्यांना हा धोका विशेष होता.

एक ताई तंबूत आल्या तेव्हा त्यांचे डोके ठणकत होते, मळमळत होते, आणि बोटातली अंगठी इतकी रुतली होती की ती फिरवताही येत नव्हती. सोबतचे लोक ‘पाणी द्या, सलाईन लावा’ असा आग्रह धरत होते. आम्ही प्रथम वजन घेतले. ते नोंदणीच्या दिवशीच्या वजनापेक्षा जास्त भरले. पाणी थांबवले, रक्त तपासायला पाठवले, आणि पुढचे उपचार रुग्णालयात झाले. हे सोडियम फार उतरले तर मेंदूला सूज येते, झटके येतात, प्राणावरही बेतते. म्हणून तहान लागेल तसे प्यावे, लांब पल्ल्यात मिठाची सोय ठेवावी, आणि धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर ते शुभलक्षण मानू नये. आयोजकांनाही माझी कळकळीची विनंती आहे की कक्षात किमान एक वजनकाटा असावा.

वस्ताद, कोल्हापूर

आमच्या तालमीत पाण्याची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. पोरे वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडतात. स्पर्धेच्या आधी दोन दिवस घोटभर पाण्यावर राहायचे, अंगावर जाड कपडे चढवून दोर मारायचे, तोंडातली लाळ थुंकत बसायचे, हे मी पूर्वी अनेक ठिकाणी पाहिले आहे आणि माझ्या तालमीत त्याला बंदी आहे. १९९७ साली अमेरिकेत महिन्याभरात तीन महाविद्यालयीन मल्ल याच प्रकाराने दगावले, तेव्हा तिथले नियम बदलले गेले. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगट अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा रात्रभर वजन उतरवण्यात तिच्या शरीराचे काय झाले, तेही सर्वांनी पाहिले.

पाणी तोडून उतरलेले वजन हे वजन नव्हेच. मल्लाचा दम जातो, पकड सुटते, आणि वजन सकाळी देऊन त्याच दिवशी कुस्ती असल्यामुळे शरीर सावरायला वेळ मिळत नाही. माझ्याकडे वजनगट हंगामाच्या सुरुवातीलाच ठरतो आणि जे उतरवायचे ते खुराक पाहून हळूहळू उतरते. थंडाई मेहनतीनंतर मिळते. मेहनत चालू असताना माठातले पाणी, दर खेपेला थोडे थोडे.

क्रीडाशिक्षिका, धाराशिव जिल्हा

मी मुलींना खो-खो शिकवते. घाम, क्षार, वजन ही सगळी चर्चा योग्यच आहे, परंतु आमच्या मुली पाणी का पीत नाहीत याचे कारण सांगायला त्या लाजतात, म्हणून मी सांगते. मैदानावर स्वच्छतागृह नसते. असले तर त्याला कडी नसते, किंवा आत पाणी नसते. सकाळी सहाला घरून निघालेली मुलगी दुपारी दोनपर्यंत लघवीला जायचे नाही म्हणून पाण्याला शिवतच नाही. पाळी असेल तर अधिकच. एका तालुक्याच्या ठिकाणी सामन्यात आमची सर्वांत चपळ संरक्षक दुसऱ्या डावात पायात गोळा येऊन खाली बसली, आणि तिच्या पिशवीतली बाटली सकाळी भरली होती तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती. ती बाटली पाहिल्यापासून मी मुलींना ‘पाणी प्या’ असे सांगण्याआधी जागेची सोय पाहते.

आता प्रवेशिका पाठवतानाच आयोजकांना स्वच्छतागृहाविषयी लेखी विचारते. उत्तर समाधानकारक नसेल तर मैदानाजवळच्या एखाद्या घरातल्या बाईंना आदल्या दिवशी भेटून विनंती करते. आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. सामन्याच्या दोन-अडीच तास आधी प्रत्येकीने एक मोठा पेला पाणी प्यायचे आणि नंतर सर्वांनी मिळून जाऊन यायचे, असा शिरस्ता ठेवला आहे. एकटीने जायला त्या घाबरतात. दोन डावांच्या मध्ये लिंबू-मीठ-साखरेचे पाणी देते. लघवीला जळजळ होते म्हणून सराव बुडवणाऱ्या मुली आता क्वचितच असतात, आणि मला पदकांपेक्षा याचे समाधान अधिक आहे.

सायकलपटू, नाशिक

दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-स्वारीला, साडेतेरा तासांची मुदत असते. दुपारी घाट चढताना जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटू लागले की नुसते पाणी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात देतात त्या क्षार-साखरेच्या पाण्याच्या, सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि त्याखेरीज पोटॅशियम व सायट्रेट असते. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी जाते, म्हणून हे प्रमाण बिघडवता कामा नये. लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नये. दुकानातली गोड खोकी ओआरएस समजून घेणारे पुष्कळ सायकलपटू मी पाहिले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, हे फार चांगले झाले. सूत्राचा उल्लेख वाचूनच पुडी घ्यावी.

सागरी जलतरणपटू, मालवण

पाण्यात पोहताना घाम येतो हे कळतच नाही, आणि खाऱ्या पाण्याने जीभ सुजून जड होते. धरमतर ते गेटवे या सुमारे ३६ किलोमीटरच्या अंतरात होडीला हात लावता येत नाही, त्यामुळे दोरी बांधलेली बाटली पाण्यात टाकतात, ती आपण उताणे होऊन प्यायची आणि सोडून द्यायची. मला कोमट, पातळ, मीठ घातलेली पेज सर्वांत मानवते. गोड पेयाने उलटी होते.

पोलीस भरतीचे मार्गदर्शक, बीड

भरतीची धाव आज मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर आहे. एवढ्या अंतरात पाणी पिण्याचा प्रश्नच येत नाही. उमेदवार कोरडा पडतो तो त्याआधी. रात्रभर एसटीने प्रवास, फुटपाथवर झोप, पहाटेपासून रांग, आणि पोट हलके राहावे म्हणून अन्नपाणी बंद. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर उमेदवार दगावले होते. माझी मुले आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचतात, रात्री भाकरी-वरण आणि ताक घेतात, आणि रांगेत दर अर्ध्या तासाने दोन घोट पितात.

शिवाय प्रत्येक गटात दोघांना मी एक गोष्ट शिकवून ठेवली आहे : धावून आलेला मुलगा असंबद्ध बोलू लागला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. त्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, मान, काखा आणि जांघांवर मिळेल तितके गार पाणी ओतत राहायचे, वारा घालायचा, आणि दुसऱ्याने तोवर १०८ वर फोन करायचा.