बोलोन्या: पियात्सा माज्जोरे अर्ध्या दिवसात नीट कसा पाहावा?

नवखा_प्रवासी
नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दहा ते दुपारी तीन एवढाच वेळ हाताशी आहे. मुख्य चौक (पियात्सा माज्जोरे), तिथले सान पेत्रोनियो चर्च आणि जवळचे दोन मनोरे पाहायचे आहेत. क्रम कसा लावावा? चर्चचा दर्शनी भाग अर्धवट का राहिला? आणि आतली ती सूर्यरेषा कोणत्या वेळी पाहावी?

वाटसरू
सगळा बेत त्या रेषेभोवतीच बांधा. खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये चर्चच्या फरशीवर आखलेली ही रेषा ६६.८ मीटर लांब आहे. आत शिरल्यावर डाव्या हाताला, खांबांना जेमतेम चुकवत जाते. छतात २७.०७ मीटर उंचीवर एक बारीक भोक आहे, त्यातून पडणारा सूर्याचा कवडसा खऱ्या मध्यान्हीला, म्हणजे सूर्य बरोबर दक्षिणेला आला की, रेषा ओलांडतो.

घड्याळातले बारा म्हणजे खरी मध्यान्ह नव्हे. इटलीचे घड्याळ १५ अंश पूर्व रेखांशाचे, बोलोन्या सव्वाअकरा अंशांच्या किंचित पुढे, म्हणून सुमारे १५ मिनिटांचा उशीर. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटे आधीच येतो, त्यामुळे तुमच्या तारखांना ही वेळ ११:५८ च्या आसपास पडेल. फेब्रुवारीच्या मध्यात तीच १२:२९ होते. उन्हाळी वेळ (घड्याळ एक तास पुढे) लागू असताना एक वाजून जातो, आणि तेव्हा चर्च दुपारी बंद असेल तर सगळं मुसळ केरात.

पावणेबाराला जागेवर असा. भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून उत्तरेला सुमारे ४६ मीटरवर थांबा. कवडसा अर्धा मीटर रुंद आणि जवळपास मीटरभर लांब दिसेल, अडीच मिनिटांत रेषा पार करेल. ढग असले तर काहीच नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

वीटकाम
दर्शनी भागाबद्दल. काम १३९० मध्ये सुरू झाले, वरची कमान-छते १६६३ पर्यंत चालली. एवढ्या काळात गॉथिक ठेवायचे की नवी शैली, यावर एकमत झालेच नाही. पेरुत्सी, विन्योला, पाल्लादिओ, सगळ्यांनी आराखडे दिले, एकही उभा राहिला नाही. रोमच्या सेंट पीटरपेक्षा मोठे होऊ नये म्हणून पोपने शेजारी आर्किजिन्नासिओ ही विद्यापीठाची इमारत बांधून अडवले, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ती खरी धरली तरी बाजूच्या वाढीबद्दलची आहे, दर्शनी भागाच्या अर्धवट संगमरवराशी तिचा संबंध नाही.

वरच्या उघड्या विटा नीट पाहा: मुद्दाम खाचखळगे ठेवलेत, पुढे दगड अडकवता यावा म्हणून. खाली मधल्या दारावर याकोपो देल्ला क्वेर्चाची उत्पत्तिकथेची शिल्पे, प्रत्येक बाजूला पाच. हे दर्शन उत्तरेला आहे, त्यामुळे नोव्हेंबरात त्यावर ऊन येत नाही. फोटोसाठी ऊन यायची वाट बघू नका.

नवखा_प्रवासी
आणि मनोरे? वर चढता येते का?

वाटसरू
दोनांपैकी ठेंगण्या गारिझेंदा मनोऱ्याच्या स्थितीमुळे ऑक्टोबर २०२३ पासून शेजारच्या उंच आझिनेल्लीचा जिनाही बंद केला. त्यामुळे ४९८ पायऱ्यांचा बेत आखू नका, निघण्यापूर्वी ताजी स्थिती तपासा. चौकाच्या पश्चिमेचा पालात्सो द'आक्कुर्सिओचा घड्याळ-मनोरा हा बरा पर्याय, पण तिथेही वेळ ठरवून तिकीट असते.

खालून पाहताना एक चूक हमखास होते: गारिझेंदाचा झुकाव (४८ मीटर उंचीवर सुमारे सव्वातीन मीटर) लोक आझिनेल्लीशी ताडतात. तो ९७ मीटरचा मनोराही कललेला आहे. ताडायचेच तर शेजारच्या इमारतींच्या कडांशी ताडा.

वीटकाम
क्रम: दहाला चौक आणि नेपच्यूनचे कारंजे, पावणेबारा ते सव्वाबारा सान पेत्रोनियो, मग मनोरे. पूर्वेच्या पालात्सो देई बांकीकडे मुद्दाम बघा. विन्योलाने जुनी घरे आणि दोन गल्ल्या एकाच कमानींच्या पडद्यामागे लपवल्या. दोन मोठ्या कमानी म्हणजे त्या गल्ल्यांची तोंडे. आणि पोदेस्ताच्या वाड्याखालच्या कमानीत समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून कुजबुजा, पलीकडच्याला ऐकू येते. लगतच्या कोपऱ्यांत ऐकू येत नाही, आणि गर्दी असली तर तिरक्याही नाही. म्हणून दहाला पोहोचताच हे आधी उरका.