स्टोरेज सर्व्हर बसला, डेटाबेसमधल्या फाइलींच्या नोंदी तशाच राहिल्यात, साफ कशा करायच्या?

चौथा_रॅक
नमस्कार, जरा अडकलोय. आमच्याकडे चार स्टोरेज सर्व्हर आहेत, फाइली त्यांच्यावर आणि कुठली फाइल कुठे आहे, कोणाची आहे, किती साइझची आहे याची नोंद पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. मागच्या आठवड्यात त्यातला एक गेला. रेड ६ होतं (अनेक डिस्कचा एकत्र संच म्हणजे अ‍ॅरे, त्यातल्या दोन गेल्या तरी डेटा टिकतो), एक डिस्क आधीच गेलेली, ती बदलून रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) लावला आणि तो चालू असतानाच अजून दोन गेल्या. मग एक डिस्क कशीबशी परत उभी केली, जबरदस्तीने अ‍ॅरे असेंबल केला, एक्सएफएस रिपेअर (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवलं. बऱ्याच फाइली मिळाल्या पण हजारो लॉस्ट+फाउंडमध्ये (मूळ जागा न सापडलेल्या फाइली रिपेअर जिथे टाकतो तो फोल्डर) नुसत्या आकड्यांच्या नावाने पडल्यात, आणि काहींचा पत्ताच नाही. वाचलेलं सगळं एका बाहेरच्या डिस्कवरून नवीन सर्व्हरवर आणलं.
आता त्या सर्व्हरच्या नावावर साधारण १२ लाख नोंदी आहेत. लोकांना यादीत फाइल दिसते, उघडायला गेलं की एरर. रात्रीचं बॅकअपही अशा फाइलीपाशी येऊन अडकतं. वरून सांगतायत की ज्यांची फाइल नाही त्या नोंदी डिलीट मारून मोकळे व्हा. क्वेरी लिहून ठेवलीये पण हात धजत नाहीये.

जुना_सिसअ‍ॅडमिन
हात धजत नाहीये ते बरोबरच आहे, अजिबात डिलीट करू नका. फाइल गेली असली तरी ती होती, कोणाची होती, केवढी होती हे सांगणारी आता ती नोंदच उरलीये, तीही घालवली तर ज्याची फाइल गेली त्याला आपण काय सांगणार? एक स्टेटसचा कॉलम घाला, त्यात "गहाळ" लिहा, यादीत त्या नोंदी वेगळ्या दाखवा आणि बॅकअपला त्या वगळायला सांगा, म्हणजे वरच्यांची तक्रार आजच मिटते.
त्याआधी दोन गोष्टी. डेटाबेसचा पूर्ण डंप (सगळ्याची प्रत) घ्या. आणि अनाथ, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंद नसलेल्या, फाइली आपोआप पुसणारा एखादा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी चालणारी स्क्रिप्ट) असेल तर तो आत्ताच्या आत्ता बंद करा, कारण लॉस्ट+फाउंडमधल्या फाइलींना नोंद नाही असं समजून तो त्या उडवेल. मी हे एकदा भोगलंय, वाचवलेला डेटा आमच्याच स्क्रिप्टने रात्रीत साफ केला होता.
डिस्कवरच्या फाइलींची यादी काढताना नेटवर्क माउंटवरून (नेटवर्कने जोडलेल्या फोल्डरवरून) काढू नका, थेट सर्व्हरवर काढा. माउंट सुटलेला असला तर रिकामा फोल्डर दिसतो आणि स्क्रिप्टला सगळ्याच्या सगळ्या फाइली गहाळ वाटतात. डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा, ती दिसली नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं.
आणि नुसतं नाव सापडलं म्हणजे फाइल वाचली असं धरू नका. जबरदस्तीने उभ्या केलेल्या अ‍ॅरेत साइझ बरोबर आणि आत कचरा असं सर्रास होतं. चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला तिचा ठसा) साठवलाय का तुम्ही?

क्वेरीवाली
वरच्या दादांशी सहमत. फक्त अपडेटसुद्धा १२ लाखांवर एका दमात मारू नका, पाच-दहा हजारांचे तुकडे करा, नाहीतर लॉक धरून बसेल आणि बाकीच्यांचं काम थांबेल. त्या टेबलवर ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) आहेत का ते आधी बघा, कोटा मोजणारा ट्रिगर असेल तर लोकांची वापरलेली जागा एकदम चुकीची दिसायला लागते. आणि पुढे कधी खरंच डिलीट करायची वेळ आली तर फॉरेन की कॅस्केड (एक नोंद पुसली की तिला जोडलेल्याही पुसणारी सोय) आहेत का बघा, फाइलच्या नोंदीबरोबर शेअर, कॉमेंट, जुन्या आवृत्त्या सगळं जातं आणि कोणाला कळतही नाही.

चौथा_रॅक
दोघांचेही आभार. जॉब बंद केला, डंप घेतला. चेकसम आहे, शा-२५६ प्रकारचा, नशीब. पण एक विचित्र प्रकार झालाय, चारेकशे फाइली "गहाळ" यादीतही आहेत आणि "नोंद नाही" (डिस्कवर आहे पण डेटाबेसमध्ये नाही) यादीतही. उदाहरणार्थ "दुसऱ्या तिमाहीचा अहवाल", दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच दिसतंय, मग जुळत का नाही? सगळ्या मराठी नावाच्याच आहेत.

नुक्ता
ती बाहेरची डिस्क मॅकची होती का? जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं फोडून साठवते. "ऱ" हे एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असं दोन मिळूनही, डोळ्यांना फरक दिसत नाही पण बाइट वेगळे, आणि लिनक्स फक्त बाइट बघतं. दोन्ही बाजू एनएफसीमध्ये (युनिकोडचं अक्षरं जोडून लिहायचं ठरलेलं रूप) आणून मग जुळवा, पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहेच. मात्र काही जण "दुसर्‍या" मधला र जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घालून लिहितात, त्याला एनएफसी हात लावत नाही. तो जॉइनर साफसफाई म्हणून काढू नका, नोंदीतही तो तसाच असेल.

चौथा_रॅक
हो, मॅकचीच होती!! चारशेच्या चारशे जुळल्या.

जुना_सिसअ‍ॅडमिन
छान. आता लॉस्ट+फाउंड घ्या. नाव गेलंय, पण चेकसम आहे म्हणजे अर्धं काम झालं. आधी साइझ जुळवा, तेवढ्याचाच चेकसम काढा, जुळला की नोंदीतलं नाव आणि जागा परत द्या. आकड्याचा फोल्डर असेल तर आत जाऊन बघा, आतल्या फाइलींची मूळ नावं बहुतेक तशीच असतात, एक ओळखू आली की पूर्ण फोल्डर लागतो. आणि हे सगळं कॉपीवर करा, मूळ डिस्कना हात लावू नका.

चौथा_रॅक
तीन दिवस चालवलं. लॉस्ट+फाउंडमधल्या बहुतेक फाइली घरी परतल्या. नाव आणि साइझ बरोबर पण चेकसम चुकलेल्या पण निघाल्या, त्यांना "खराब" असं वेगळं स्टेटस दिलंय. उरलेल्या गहाळ फाइलींची यादी मालकानुसार काढून प्रत्येकाला पाठवली, तर काल संध्याकाळपासून लोक आपापल्या कॉपी परत अपलोड करतायत आणि चेकसम जुळला की नोंद आपोआप हिरवी होतेय.