क्लास अ‍ॅक्शनला मराठीत काय म्हणायचं? आणि 'खुलासा' कुठे चालतो?

न्यू जर्सीला माझी आत्या असते, तिला एका कंपनीच्या शेअरवरून पत्र आलं. कंपनीने तोटा लपवून ठेवला म्हणून तिथे केस झाली होती, आता तडजोड झालीय. कोर्टाची भाषा तिच्या डोक्यावरून गेली म्हणून फोटो पाठवून म्हणाली, मराठीत सांग. मी पहिल्याच ओळीत अडलो. 'तू या वर्गाची सदस्य आहेस' म्हटलं तर म्हणे, "अरे पण मी वर्गणी कधी भरली?" वर्ग हा शब्द इथे खरंच चालत नाही. दुसरा काय आहे?

> 'सामूहिक दावा' वापरा की, सगळ्यांना कळतो.

कळतो, पण त्यातून सगळ्यांनी मिळून जाऊन सह्या केल्यासारखं वाटतं. अमेरिकेत एक-दोघं पुढे होतात आणि त्या काळात शेअर घेऊन नुकसान झालेले बाकीचे सगळे आपोआप आत येतात, ज्याला नको असेल त्याने तारखेच्या आत नाव वगळून घ्यायचं.

> मग 'प्रातिनिधिक दावा' घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 1 नियम 8 आहे, वकील मंडळी त्याला हेच म्हणतात. काहींनी सगळ्यांच्या वतीने लावलेला दावा, अर्थ बरोबर बसतो.

हा आवडला. आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही हो. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं आठवा, 7 जानेवारी 2009 ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंच्या पत्रातून 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक खोटी असल्याचं बाहेर आलं. न्यूयॉर्कच्या बाजारात एडीआर (म्हणजे सत्यमच्या शेअरच्या बदल्यात तिथे विकल्या जाणाऱ्या पावत्या) घेतलेल्यांच्या वतीने तिथे असा दावा लागला आणि 2011 मध्ये कंपनीने 12.5 कोटी डॉलर, ऑडिटरांनी 2.55 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आपल्याकडे ज्यांनी तेच शेअर मुंबईच्या बाजारात घेतले होते त्यांना अशी सोपी वाट नव्हती. 2013 च्या कंपनी कायद्यात अशा दाव्यासाठी कलम 245 आलं, ते लागू व्हायला 2016 उजाडलं. मला याचा फार त्रास होतो, पैसे दोघांचेही तितकेच कष्टाचे होते.

> आणि डिस्क्लोजरला कृपया 'खुलासा' लिहू नका, हिंदी बातम्यांतून आलंय ते. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. बाजारात अफवा उठली, एक्स्चेंजने कंपनीला विचारलं, कंपनीने उत्तर दिलं, तो खुलासा. कुणी न विचारता स्वतःहून सांगायचं ते 'प्रकटीकरण'.

बरोबर, पण प्रकटीकरण आत्याला कळणार नाही. तिला मी 'जे सांगायला हवं होतं ते दडवलं' एवढंच सांगितलं, 'दडवणे'मध्ये सगळं येतं.

एक गोची मात्र राहिलीच. पैसे हवे असतील तर फॉर्म भरायचाय, तो क्लेम फॉर्म. मी 'दाव्याचा अर्ज' म्हणालो तर ती लगेच, "दावा त्यांनी लावलाय ना, मग मी परत कशाला लावू?" आणि फॉर्म बाजूलाच ठेवणार होती!

> 'मागणी अर्ज' म्हणा.

म्हणतो. आजच फोन करतो तिला, मुदत संपायला नऊ दिवस राहिलेत.